पोथी, पाषाण आणि वनस्पती : कै. परशुराम कृष्ण गोडे यांचे जीवनकार्य

ग्रंथालयाची थोरवी त्यातील ग्रंथांच्या संख्येवर मोजण्याची आपली रीत आहे. वस्तुतः ग्रंथांइतकेच महत्त्व ते सांभाळणाऱ्या, त्यांची नोंद ठेवणाऱ्या आणि योग्य वाचकाच्या हाती योग्य पान ठेवणाऱ्या माणसाला असते. हा माणूस सहसा पडद्याआड राहतो. त्याचे नाव प्रस्तावनेतील आभारांच्या यादीत शेवटी येते आणि तेथेच थांबते. महाराष्ट्रातील एका ग्रंथरक्षकाने मात्र हे पडद्याआडचे काम करता करता भारतीय संस्कृतीच्या इतिहासाला एक स्वतंत्र शाखाच मिळवून दिली. ते ग्रंथरक्षक म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुमारे चार दशके हस्तलिखितांच्या सान्निध्यात राहिलेले कै. परशुराम कृष्ण गोडे होत.

गोडे यांचा जन्म ११ जुलै १८९१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे झाला. त्याच वर्षी तिकडे जर्मनीत लाइपझिग येथे थिओडोर आउफ्रेख्ट या पंडिताच्या 'कॅटलॉगस कॅटलॉगोरम' या महासूचीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. उपलब्ध संस्कृत हस्तलिखितांची आणि त्यांच्या कर्त्यांची अकारविल्हे नोंद करणारी ही सूची पुढे गोडे यांच्या नित्य हाताशी राहणार होती, हा केवळ योगायोग असला तरी मोठा सूचक योगायोग आहे. कोकणातील एका गावी जन्मलेल्या या मुलाच्या आयुष्याचे कार्य जणू त्याच्या जन्मवर्षीच सिद्ध होऊ लागले होते.

मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळविल्यानंतर गोडे १९१९ मध्ये भांडारकर संस्थेत ग्रंथरक्षक म्हणून रुजू झाले. संस्थेची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी झाली होती. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन आणि स्वतः रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्यांनी मुंबई सरकारसाठी गावोगाव हिंडून गोळा केलेला हस्तलिखितांचा संग्रह पूर्वी डेक्कन कॉलेजात होता. तो १९१८ मध्ये संस्थेच्या स्वाधीन करण्यात आला. गोडे आले तेव्हा हा ठेवा नुकताच नव्या घरी आला होता, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रचंड कामही त्याच वर्षी सुरू झाले होते. अशा वास्तूत ग्रंथरक्षकाचे काम केवळ कपाटांच्या किल्ल्या सांभाळण्याचे असू शकत नव्हते. पोथी उघडायची, तिची पाने मोजायची, आरंभ आणि शेवट टिपायचा, पुष्पिकेतील शक, संवत, तिथी, वार तपासायचा, कर्त्याचे व लेखकाचे नाव निराळे करायचे आणि एवढे करून तिचे वर्णन छापील सूचीत बसवायचे, असे ते काम होते. अलंकार, संगीत, नाट्य, काव्य, नाटक या शाखांच्या हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची गोडे यांच्या या परिश्रमातून सिद्ध झाल्या.

या कामातून त्यांच्या बुद्धीला एक वळण लागले. संस्कृत वाङ्मयात ग्रंथ विपुल, पण तारखा विरळ. कवी स्वतःच्या गुरूचे, देवतेचे, आश्रयदात्याचे नाव सांगतो. आपण कोणत्या वर्षी लिहीत आहोत हे मात्र क्वचितच सांगतो. अशा ग्रंथाचा काळ ठरविण्यासाठी दोन मर्यादा शोधाव्या लागतात. ग्रंथकाराने ज्या ग्रंथाचा आधार घेतला त्याच्या आधी तो असू शकत नाही, ही झाली पूर्वमर्यादा. त्याचा उल्लेख ज्या ग्रंथात आला, किंवा त्याची जी जुन्यात जुनी दिनांकित प्रत सापडली, तिच्यानंतर तो असू शकत नाही, ही झाली उत्तरमर्यादा. या दोन भिंती जितक्या जवळ आणाव्यात तितका काळ निश्चित होतो. गोडे यांनी शेकडो ग्रंथकारांच्या बाबतीत या भिंती जवळ आणण्याचे काम केले. महाभारताचा प्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर याची वंशावळ त्यांनी शोधून काढली. सवाई जयसिंगाने केलेल्या अश्वमेधाविषयीचे संस्कृत पुरावे त्यांनी एकत्र केले. सुखठणकरांसारख्या संपादकांनी महाभारताच्या पाठांची शिस्त लावली त्या काळात, त्याच आवारात, गोडे यांनी कालगणनेची शिस्त लावली असे म्हणता येईल.

परंतु गोडे यांचे वैशिष्ट्य याच्याही पुढचे आहे. पोथी वाचताना पंडिताचे लक्ष सिद्धान्ताकडे असते. गोडे यांचे लक्ष जाता जाता आलेल्या शब्दाकडेही असे. एखाद्या वैद्यकग्रंथात पदार्थाचे नाव येते, एखाद्या कथेत मेजवानीचे वर्णन येते, एखाद्या स्तोत्रात फुलाचा उल्लेख येतो. ग्रंथाचा काळ ठाऊक असेल तर त्या वस्तूलाही तारीख मिळते. जिलेबीविषयीचा त्यांचा लेख या दृष्टीने सुप्रसिद्ध आहे. इ. स. १४५० च्या सुमारास जिनसूर या जैन ग्रंथकाराने रचलेल्या 'प्रियंकरनृपकथा' या ग्रंथात जिलेबी येते, हे त्यांनी दाखवून दिले आणि तेथून तंजावरच्या मराठी राजवटीत रघुनाथाने लिहिलेल्या 'भोजनकुतूहला'पर्यंत तिचा माग काढला. मेंदी, तांबूल, दारूकाम, ज्वारी, अंजीर, घोड्यांना घालावयाचा हरभरा असे विषय त्यांनी हाताळले. विद्वत्सभेत असे विषय काढणे हे त्या काळी थोडे धाडसाचेच होते. वेदान्त आणि व्याकरण सोडून जिलेबीवर लिहिणाऱ्या संशोधकाकडे कौतुकमिश्रित नवलाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. गोडे यांनी या विषयांनाही तोच काटेकोरपणा लावला जो ते एखाद्या आलंकारिकाच्या कालनिर्णयाला लावीत.

या विषयांपैकी वनस्पतींचा इतिहास हा सीमाभागातील वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. निपाणीचे नाव तंबाखूने सर्वदूर गेले. या परिसरातील शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या कित्येक पिढ्यांचा संसार या पानावर उभा राहिला. ज्या पिकाशी जीवन इतके बांधलेले असते ते अनादि कालापासून आपल्याच मातीत असावे असे वाटू लागते. तंबाखूची स्तुती करणारी संस्कृत सुभाषिते आहेत; त्यांची भाषा संस्कृत म्हणून ती प्राचीन, असा समज सहज होतो. गोडे यांनी तंबाखूचे संस्कृत ग्रंथांतील उल्लेख गोळा केले तेव्हा ते इ. स. १६०० ते १९०० या तीन शतकांतले निघाले. याला फारसी साधनांचा दुजोरा आहे. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला असता त्याने तेथे तंबाखू पाहिली आणि १६०४ च्या सुमारास ती सुंदर चिलमीसह बादशहापुढे नेऊन ठेवली. बादशहाने झुरका घेतला, हकिमांनी हरकत घेतली, आणि पुढे १६१७ मध्ये जहांगिराने धूम्रपानाला बंदी केली. दक्षिण अमेरिकेतले हे झाड पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि विजापूरमार्गे उत्तरेत गेले. म्हणजे निपाणीच्या आसपासचा हा मुलूख तंबाखूच्या भारतीय इतिहासाच्या अगदी उंबऱ्यावर होता. पण तो उंबरा चारशे वर्षांमागचा आहे, चार हजार वर्षांमागचा नाही. याच न्यायाने कोणत्याही संस्कृत ग्रंथात तंबाखूचे नाव आले की तो ग्रंथ, किंवा निदान त्याचा तेवढा भाग, सोळाव्या शतकाच्या आधीचा नसावा असा निष्कर्ष काढता येतो. वनस्पतीला ग्रंथ तारीख देतो, आणि उलट ग्रंथाला वनस्पती तारीख देते, असा हा परस्परांचा व्यवहार आहे.

गोडे यांचे कार्यक्षेत्र पोथ्यांचे होते, शिल्पांचे नव्हे. तथापि जुन्या देवळांच्या दगडांत कोरलेली पाने, फुले, फळे ओळखण्याचा जो प्रश्न आहे, त्याचे उत्तर देताना त्यांच्या कामावाचून पुढे जाता येत नाही. बेळगाव परिसरात हा प्रश्न पावलोपावली समोर येतो. किल्ल्यातील कमलबस्ती ही रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने तेराव्या शतकाच्या आरंभी उभारली. तिच्या छतातून झुंबरासारखे खाली झुकलेले कमळ तिला नाव देऊन गेले. कित्तूरकडील देगावचे कमलनारायण मंदिर बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिने बांधविले. कृष्णाकाठच्या खिद्रापूरला शिलाहारकालीन कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात उभे राहिले की स्तंभांवरून, पट्टिकांवरून, द्वारशाखांवरून वेली फिरताना दिसतात. कमळ कोणीही ओळखतो. पिंपळाचे पान त्याच्या लांब निमुळत्या टोकावरून, वड त्याच्या पारंब्यांवरून, केळ तिच्या पानाच्या रुंदीवरून, आंबा पानांच्या झुबक्यातून लोंबणाऱ्या फळावरून ओळखता येतो. परंतु द्वारशाखेवरील जी वेल कोठेही न संपता वळणे घेत जाते, तिला वनस्पतिशास्त्रात नाव नाही. ती कलावंताची कल्पलता आहे. शिल्पकाराला झाड दाखवायचे होते, की चौकट भरायची होती, हा विवेक पहिल्यांदा करावा लागतो.

ओळख पक्की होते ती शब्दाचा आधार मिळाला की. याचे सर्वोत्तम उदाहरण मध्य भारतातील भारहूत येथील स्तूपाचे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ मध्ये तो उजेडात आणला आणि १८७९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तेथील कठड्यांवर निरनिराळ्या बुद्धांचे बोधिवृक्ष कोरलेले असून त्यांखाली त्या त्या बुद्धाचे नाव ब्राह्मी लिपीत दिलेले आहे. कोणत्या बुद्धाचा वृक्ष कोणता हे पाली ग्रंथ सांगतात. त्यामुळे पाटली, शाल, शिरीष, उंबर, वड, पिंपळ अशी झाडे एकामागून एक ओळखू आली. आपल्या जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर करवीरच्या महालक्ष्मीचे घ्यावे. तिच्या एका हातात गोल फळ आहे. केवळ आकारावरून ते लिंबू, डाळिंब, बेल काहीही म्हणता आले असते. पण देवीच्या आयुधांचे वर्णन करणारे ग्रंथ मातुलुंग म्हणतात, म्हणून ते म्हाळुंग ठरते. दगड आकार सांगतो, नाव ग्रंथ सांगतो.

हा ग्रंथाधार सुटला म्हणजे काय होते तेही भारहूतनेच दाखविले. तेथील एका खवलेदार फळात कनिंगहॅम यांना सीताफळ दिसले. सीताफळ आणि रामफळ ही नावे इतकी आपली आहेत की ती झाडे वनवासातूनच आली असावीत असे वाटते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र त्यांचे मूळस्थान अमेरिका ठरविले आहे. मग इसवी सनापूर्वीच्या शिल्पात सीताफळ कसे? यावरून मोठा वाद झाला. खवलेदार गोलाकार हा फणसाचा असू शकतो, कमळाच्या कळ्याचा असू शकतो, किंवा निव्वळ नक्षीचा असू शकतो, असे शंका घेणाऱ्यांचे म्हणणे होते. नाव देशी असले म्हणून वस्तू देशी ठरत नाही, एवढा धडा तरी त्या वादातून मिळाला.

गोडे यांच्या निधनानंतर अठ्ठावीस वर्षांनी असाच वाद दक्षिणेत पेटला. म्हैसूरजवळील सोमनाथपूर येथील केशव मंदिर होयसळांच्या काळात, १२६८ मध्ये सिद्ध झाले. तेथील मूर्तींच्या हातांत एक लांबट, निमुळती, दाण्यांच्या रांगांनी भरलेली वस्तू आहे. अमेरिकन भूगोलज्ञ कार्ल योहानसेन व ॲन पार्कर यांनी १९८९ मध्ये ती मक्याची कणसे आहेत असे प्रतिपादन केले. मका हे मेक्सिकोकडचे धान्य. तेव्हा हे खरे असेल तर कोलंबसाच्या आधी दोनशे वर्षे भारत व अमेरिका यांच्यात दळणवळण होते असे मानावे लागेल आणि जगाच्या इतिहासाची काही प्रकरणे नव्याने लिहावी लागतील. १९९३ मध्ये पायक व सचान या भारतीय शास्त्रज्ञांनी हे मत खोडून काढले. ती वस्तू मोत्यांनी जडविलेले काल्पनिक मुक्ताफळ आहे, असे त्यांनी मांडले.

या वादात कणसाच्या आकाराची, दाण्यांच्या रांगांची, वरच्या सालपटाची तपशीलवार चर्चा झाली. परंतु आकाराने प्रश्न सुटत नाही, कारण शिल्पकाराने डोळ्यांपुढे कणीस ठेवले होते की मोत्यांचा घोस, हे दगड सांगत नाही. अशा वेळी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : त्या काळच्या माणसाला मका ठाऊक होता काय? तो पेरला, भाजला, खाल्ला, विकला जात असेल तर कोठे तरी त्याचे नाव उमटेल. गोडे यांनी भारतातील मक्याच्या इतिहासावर स्वतंत्र लेख लिहिला होता आणि त्यात त्यांनी तपासलेला काळ होता इ. स. १५०० ते १९००. म्हणजे हजारो पोथ्या हाताखालून गेलेल्या या माणसाला मक्याचा इतिहास सोळाव्या शतकापासून सुरू करावासा वाटला. याउलट कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेला 'मानसोल्लास' पाहावा. याच कन्नड-मराठी मुलखातला, आणि देगाव-खिद्रापूरच्या मंदिरांच्या काळाशी लागून असलेला हा ग्रंथ. त्याच्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे आहेत, जे बेळगावकरांना आजही आपले वाटतात. पण त्या स्वयंपाकघरात तिखटपणासाठी मिरे आहेत, मिरची नाही. मिरचीही अमेरिकेतलीच. राजाच्या पंगतीचे इतके बारीक वर्णन करणाऱ्या ग्रंथातले हे मौन बोलके आहे.

अर्थात मौनाला मर्यादा असते, आणि ती गोडे यांच्या पद्धतीतच सांभाळलेली आहे. एखाद्या वस्तूचा पहिला उल्लेख म्हणजे तिचा जन्म नव्हे. जिलेबी १४५० मध्ये कथेत आली याचा अर्थ ती त्या वर्षी प्रथम तळली गेली असा होत नाही. त्या वर्षाच्या सुमारास ती निश्चित होती, एवढाच होतो. उद्या आणखी जुनी पोथी सापडली तर ही मर्यादा मागे सरकेल. म्हणूनच गोडे यांच्या लेखांत उल्लेखांची कालानुक्रमे मांडलेली यादी असते, आणि निष्कर्ष त्या यादीइतकाच मोठा असतो. पुढील संशोधकाने त्या यादीत भर घालावी, एखादी नोंद चुकीची असेल तर ती काढावी, अशी मोकळीक त्या मांडणीतच आहे. प्राचीन भारतात सर्व काही होते असे म्हणणाऱ्यांना ही पद्धत कंजूष वाटते. येथील सर्वच बाहेरून आले असे म्हणणाऱ्यांनाही ती सोयीची नाही. पुराव्याच्या पुढे एक पाऊलही न टाकणे ही तिची शक्ती आहे.

गोडे यांचे लेखन चारशेहून अधिक लेखांत विखुरलेले होते. देशभरातील संशोधनपत्रिका, गौरवग्रंथ, संस्थांची वार्षिके यांतून ते येत राहिले. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्यासह त्यांनी १९३८ पासून 'न्यू इंडियन अँटिक्वरी' हे नियतकालिक संपादिले. वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची सुधारून वाढविलेली तीन भागांची आवृत्ती चिं. ग. कर्वे यांच्याबरोबर त्यांनी सिद्ध केली. ती १९५७ ते १९५९ या काळात पुण्यास प्रसिद्ध झाली आणि संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या नित्य वापरात राहिली. वाङ्मयेतिहासविषयक लेखांचे खंड 'स्टडीज इन इंडियन लिटररी हिस्टरी' या नावाने १९५३ पासून निघाले. संस्कृतिविषयक लेख 'स्टडीज इन इंडियन कल्चरल हिस्टरी' या तीन खंडांत एकत्र आले. १९६० मध्ये विद्वानांनी त्यांना गौरवग्रंथ अर्पण केला. २८ मे १९६१ रोजी त्यांचे निधन झाले. संस्कृतिविषयक लेखांचा शेवटचा खंड १९६९ मध्ये बाहेर पडला; तो पाहण्यास ते नव्हते.

त्यांच्या लेखनात एक उणीव अनेकांना जाणवते. ते बहुतेक इंग्रजीत आहे, आणि वाचकाला रिझविण्याचा त्यात किंचितही प्रयत्न नाही. उल्लेख, पोथीचा क्रमांक, पत्र, ओळ, शक, आणि पुन्हा उल्लेख, अशी ती कोरडी वाट आहे. त्यामुळे ज्या मराठी समाजातून ते आले त्या समाजाला ते फारसे माहीत झाले नाहीत. पदार्थांचा आणि पिकांचा इतिहास सांगणाऱ्या पुढच्या ग्रंथकारांनी मात्र त्यांच्या याद्यांचा भरपूर उपयोग केला. घराचा पाया कोणी घातला हे राहणाऱ्यास ठाऊक नसते, म्हणून पाया काही हलत नाही.

बेळगाव, निपाणी, खानापूर, संकेश्वर या पट्ट्यात जुन्या घरांच्या माळ्यांवर, मठांत, देवळांत अद्याप बाडे आहेत. मोडी दफ्तरे आहेत, कन्नड व मराठी हिशेबाच्या वह्या आहेत, वैद्यांच्या नुसख्यांची चोपडी आहेत. त्यांत कोणत्या साली कोणते पीक निघाले, लग्नाच्या यादीत कोणती भाजी आली, देवाच्या पूजेला कोणते फूल लागले, हे लिहिलेले असते. वाळवी त्यांचे वाचन रोज करीत आहे. देवळाचा दगड आणखी काही शतके टिकेल, परंतु त्यावरील फळाचे नाव सांगणारा कागद टिकेलच असे नाही. गोडे यांनी आयुष्यभर केले ते एवढेच : असा कागद हाती घेतला, त्याची तारीख वाचली, आणि ती दुसऱ्याला सापडेल अशा जागी लिहून ठेवली. हे काम करण्यास मोठे अधिकारपद लागत नाही. ते कोणत्याही गावच्या कोणत्याही वाचनालयात, एका टेबलावर आणि एका नोंदवहीत करता येते.